आठवा बेड

"पाच नंबर बंद कर," टिपणीस म्हणाले.

चाचण्या घेणाऱ्या नफिसाने पाचव्या खोक्याची कळ फिरवून शून्यावर आणली. खोकं म्हणजे सिम्युलेटर. पेशंटच्या छातीला लावायच्या वायरी त्याला लावल्या की ते खोट्या हृदयाचे ठोके देतं. कळ शून्यावर म्हणजे पेशंट गेला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर पाचव्या बेडची रेघ सपाट व्हायला हवी होती, अलार्म किंचाळायला हवा होता.

रेघ मजेत उड्या मारत राहिली. शेजारी हिरवा आकडा होता, बहात्तर.

"मेलेल्या माणसाला बहात्तर ठोके," टिपणीस म्हणाले. माझ्याकडे बघायचे कष्टही त्यांनी घेतले नाहीत. "मेमरीत शेवटचा हात कुणी घातला होता?"

खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. हात माझा होता.

भोसरीतली ती कंपनी आयसीयूचे मॉनिटर बनवायची. नर्सच्या टेबलावर एकच मोठा पडदा आणि त्यावर आठ बेडच्या आठ रेघा, असं ते यंत्र. त्याच्या आत जी ऑपरेटिंग सिस्टिम चालायची तिचा गाभा, म्हणजे कर्नल, टिपणिसांनी बांधलेला होता. मी त्यांच्या हाताखाली होते, आणि हाताखालीच राहावं अशी त्यांची इच्छा होती.

"पुरावा बघू," मी म्हटलं.

"बघूच की."

आमच्याकडे बिघाडाचा गुन्हेगार चारचौघांत शोधायची पद्धत होती. महिन्याभरातले सगळे बदल ओळीने लावायचे, बरोबर मधला घ्यायचा, त्यापर्यंतचं यंत्र चालवून बघायचं. बिघाड दिसला तर गुन्हेगार आधीच्या निम्म्यात, नाही दिसला तर नंतरच्या. पुन्हा निम्मं, पुन्हा निम्मं. शेवटी एकच नाव उरतं. टिपणीस खुर्ची ओढून बसले आणि प्रत्येक फेरीला "पुढे" एवढंच म्हणत राहिले. पडद्यावर शेवटी उरलेलं नाव होतं संयोगिता मगदूम.

टिपणीस उठले, बाहेर गेले आणि मयत घेऊन आले.

मयत हे आमच्या ऑफिसातलं खास प्रकरण. एक जुना सिम्युलेटर फार पूर्वी जळला होता. त्याला टिपणिसांनी प्लास्टिकच्या झेंडूचा हार घातला होता, आणि ज्याच्या चुकीने यंत्र बिघडेल त्याच्या टेबलावर ते खोकं पुढचा गुन्हेगार सापडेपर्यंत ठेवायचं, अशी प्रथा पाडली होती. नवी पोरं त्याच्यासोबत फोटो काढायची. टिपणीस सोडून सगळ्यांच्या टेबलावर ते कधी ना कधी बसून गेलं होतं.

त्यांनी ते माझ्या कीबोर्डवरच ठेवलं.

"मिरजेची लॉजवाली," ते मोठ्याने म्हणाले. "खोल्या भाड्याने द्यायला निघाली होती कर्नलमध्ये."

दोघंतिघं हसले. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

लॉजची गोष्ट मीच सांगितली होती, ही माझी हौस. माझ्या वडिलांचं मिरजेत एका मोठ्या दवाखान्यासमोर लॉज होतं. पेशंटचे नातेवाईक उतरायचे. कुणी खोली सोडली की वडील तीच खोली पुढच्याला आधी द्यायचे. पंखा चालू आहे, घागर भरलेली आहे, चादर बदलली की झालं. संगणकाच्या मेमरीचंही असंच असतं. ती पानांत विभागलेली असते. कुठल्याही कामाला जागा लागली की कर्नल त्याला पान देतो, काम झालं की पान परत घेतो. नुकतंच परत आलेलं पान प्रोसेसरच्या हाताशी असतं, तेच पुढच्याला दिलं तर काम झटपट होतं. टिपणिसांनी नेमकं उलट केलं होतं. परत आलेलं पान ते एका लांबलचक रांगेच्या शेवटी नेऊन ठेवत. पुढचा माणूस व्हरांड्यात ताटकळतोय आणि रिकामी खोली कुलपात. त्यामुळे पडद्यावरच्या रेघा मधूनच क्षणभर थबकायच्या आणि दवाखान्यांतून तक्रारी यायच्या.

मालक ओगलेसाहेबांनी ते काम मला दिलं. मी रांग काढून टाकली. रेघा पाण्यासारख्या वाहायला लागल्या. ओगलेसाहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि त्या दिवसापासून टिपणीस माझ्याशी बोलताना दात आवळून बोलायला लागले. मला वाटायचं, मत्सर आहे. म्हातारा जळतोय. ते पन्नाशीचेसुद्धा नव्हते, पण मी मनात त्यांना म्हाताराच म्हणायचे.

त्या दुपारी ओगलेसाहेबांनी आम्हाला दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"सोमवारी माल निघतोय," ते म्हणाले. "आठ बेडचं नवं आयसीयू आहे त्यांचं, उद्घाटन ठरलंय. मला गोष्टी नकोत. काय करायचं ते सांगा."

"हिचा बदल काढायचा, जुनं होतं तसं ठेवायचं," टिपणीस म्हणाले. "मी आत्ताच तपासलं. बदल काढला की बिघाड जातो. साधी गोष्ट आहे."

"बिघाड जात नाही," मी म्हटलं. "दिसायचा थांबतो."

"हे बघा, सुरू झालं."

"साहेब, पाचव्या बेडवर बहात्तर दिसले. पण दुसऱ्या बेडचं खोकं नफिसानं बहात्तरवरच लावलं होतं. म्हणजे तो आकडा हवेतून आलेला नाही. दुसऱ्या बेडचे ठोके पाचव्याच्या पानावर लिहिले गेले. ठोके पानावर उतरवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, पान परत करतो, पण परत केल्यावरही तिथं लिहीत राहतो."

ओगलेसाहेबांचा चेहरा कोराच राहिला.

"आमच्या लॉजवर एक गिऱ्हाईक होतं," मी म्हटलं. "खोली सोडली, पण दुसरी किल्ली खिशातच. रोज दुपारी यायचा आणि त्या खोलीत लुंगी वाळत घालून जायचा. खोली रिकामी होती तोवर कुणाला पत्ता नाही. नवीन माणूस उतरला त्या दिवशी बोंब झाली. मी खोल्या लगेच द्यायला लागले म्हणून चोर दिसला साहेब. चोर मी नाही."

"ड्रायव्हर माझा आहे," टिपणीस म्हणाले.

"मला माहीत आहे."

"पाच वर्षं चालतोय. इतक्या दवाखान्यांत. एक तक्रार दाखव मला. एक. तू इथे आलीस कधी? तुला आयसीयू म्हणजे काय ते माहीत आहे का?"

ते ऐकून माझं डोकं फिरलं. आयसीयूच्या काचेला नाक लावून उभ्या राहिलेल्या बायका मी लहानपणापासून बघितल्या होत्या. रात्री लॉजवर येऊन त्या एकमेकींना आकडा सांगायच्या. आज ऐंशी होता, आज पंच्याऐंशी. त्या आकड्यावर त्यांच्या घरचं जेवण शिजायचं किंवा चूल बंद राहायची.

"तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे," मी म्हटलं. "मला एवढंच सांगा, ती रांग एवढी लांब का ठेवली होती? कुठल्याच पुस्तकात अशी रांग नाही. कशासाठी?"

"अनुभव म्हणतात त्याला."

"कसला अनुभव?"

"मगदूम!" ओगलेसाहेबांनी टेबलावर हात आपटला. "बदल तू घातलास, तूच काढ. आज. आणि माल निघेपर्यंत कर्नलला हात लावायचा नाही. पटत नसेल तर दार उघडं आहे."

टिपणिसांनी माझ्यासाठी दार खरंच उघडून धरलं.

मी जागेवर आले आणि बदल काढला. तो काढताना कारण लिहावं लागतं. "साहेबांच्या आदेशावरून काढला. मूळ दोष ड्रायव्हरमध्ये तसाच आहे" असं मी लिहिलं. थोड्याच वेळात टिपणिसांनी दुसरं वाक्य पुसून टाकलं.

मग मला ते मयत समोर दिसलं आणि इतका वेळ गिळलेला सगळा राग त्याच्यावर निघाला. कचऱ्याच्या पिंपात घालावं म्हणून मी ते दोन्ही हातांनी उचललं. मागच्या बाजूला फ्यूजचं टोपण सैल होतं, ते गळून खाली पडलं. मी आत बघितलं. फ्यूज नव्हता. जळलेला नाही, काळा पडलेला नाही, नव्हताच. खोक्याच्या जाळीला नाक लावलं. जळलेल्या यंत्राचा वास वर्षानुवर्षं जात नाही. याला नुसता धुळीचा वास होता.

मी ते घेऊन चाचणीच्या खोलीत गेले. नफिसा तांबोळी डबा उघडून बसली होती.

"हे आता माझ्या टेबलावर नको हं," ती म्हणाली. "मागच्या वेळी महिनाभर होतं."

"फ्यूज आहे तुझ्याकडं?"

"कशाला?"

"दे तर."

तिने खण धुंडाळून एक फ्यूज काढला. मी तो घालून बटण दाबलं. हाराच्या आडून हिरवा दिवा लागला. नफिसाचा घास हातातच राहिला.

"या अल्ला," ती म्हणाली. "अगं, हे तर जिवंत आहे!"

तिने चटचट वायरी लावून बघितल्या, कळ सगळीकडे फिरवली. साठ, नव्वद, शून्य. खोकं अगदी धडधाकट होतं.

"मग हे मेलंय असं म्हणालं कोण?" तिने विचारलं.

"तू आलीस तेव्हा किती खोकी होती?"

"सात. तेव्हापासून सातच. आठवं जळलं असं टिपणीस सरांनी सांगितलं. मी दोनदा नवं मागितलं. परदेशातून मागवावं लागतं, साहेब नाही म्हणाले. आठवा बेड तपासायचा असला की सातव्याची वायर काढून आठव्यात घालतो. म्हणजे सगळे बेड तपासून होतात ना."

"पण एका वेळी आठ कधीच नाही."

"नाही," ती म्हणाली. डब्याचं झाकण तिने हळूच बंद केलं. "एकदम आठ मी कधीच बघितले नाहीत."

यंत्र आठ बेडचं, मेमरी आठ बेडची मोजून बसवलेली. सात बेड चालू असताना रिकामी पानं पुष्कळ उरतात, मग टिपणिसांची रांग लांबच लांब राहते आणि परत आलेल्या पानाची पाळी सावकाश येते. तोवर ड्रायव्हरचं चोरून लिहिणं संपलेलं असतं. पण आठवा पेशंट आला, आयसीयू गच्च भरलं, की पानांची टंचाई. रांग झरझर पुढे सरकणार. आणि एखादं पान, ज्यावर अजून एका बेडचे ठोके पडतायत, ते दुसऱ्या बेडला दिलं जाणार.

"सकाळी शेवटची चाचणी किती खोक्यांवर आहे?" मी विचारलं.

नफिसाने माझ्याकडे बघितलं, मग हारवाल्या खोक्याकडे.

"सर येऊन बसतात समोर," ती म्हणाली. "माझी नोकरी जाईल."

"माझी गेल्यातच जमा आहे. वायर मी जोडते. तू फक्त नाही म्हणू नकोस."

तिने डबा बाजूला सारला. मग उठून तिने आठव्या जागेवरची धूळ आपल्या ओढणीने पुसली.

सकाळी ओगलेसाहेब आणि टिपणीस आले तेव्हा सात खोकी मांडून तयार होती. नफिसाने प्रत्येकाला वेगळा आकडा लावला होता. जुना कर्नल चालू होता, टिपणिसांच्या रांगेसकट. मी मयत काखोटीला मारून आत गेले. हार तसाच होता.

"हा काय तमाशा?" टिपणीस म्हणाले.

"आठवा बेड," मी म्हटलं.

"ते जळलेलं आहे. साहेब, हिला बाहेर काढा. हिला कर्नलला हात लावू नको म्हणून सांगितलंय."

"कर्नलला कुठं हात लावतेय? खोक्याला लावतेय. जळलंय ना? मग लागणारच नाही. तुम्ही कशाला घाबरता?"

मी वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. पडद्यावर आठवी रेघ उमटली, नव्वदची.

ओगलेसाहेब पुढे झाले. "टिपणीस, हे चालतंय की."

टिपणिसांचा हात वायरीकडे गेला, तशी नफिसा मध्ये येऊन उभी राहिली. जेमतेम पाच फूट उंचीची ती बाई, पण तिने खांदा असा काही लावला की त्यांना पुढे सरता येईना.

"चाचणी चालू आहे सर," ती म्हणाली. "मध्ये हात घालायचा नाही, हा तुमचाच नियम आहे."

आठही रेघा सुरळीत चालल्या होत्या. थोडा वेळ काहीच झालं नाही. टिपणिसांच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"झालं समाधान?" ते म्हणाले. "साहेब, सकाळचा वेळ वाया घालवला हिने. आठ काय, आठच्या आठ नीट चाललेत."

"नफिसा, दिवसभराचे अहवाल छापायला लाव," मी म्हटलं. "सगळ्यांचे. दवाखान्यात पाळी बदलताना लावतात तसे."

प्रिंटर घरघरायला लागला. छपाईलाही मेमरीची पानं लागतात, उरलीसुरली आता तिकडे जात होती. मी मयताची कळ धरली आणि नव्वदवरून शून्यावर आणली.

आठवी रेघ सपाट झाली. अलार्म एकदा वाजला आणि मध्येच थांबला. मग रेघेने उडी मारली. पुन्हा मारली. शेजारी आकडा आला, सहासष्ट.

सहाव्या बेडचं खोकं सहासष्टवर होतं.

हार घातलेलं, शून्यावर आणलेलं खोकं टेबलावर होतं आणि पडद्यावर त्याचं हृदय ठणठणीत चालू होतं. ओगलेसाहेब एकदा खोक्याकडे बघत होते, एकदा पडद्याकडे. प्रिंटरने शेवटचा कागद टाकला.

"हा जुनाच कर्नल आहे ना?" त्यांनी विचारलं. "मगदूमचा बदल काढलेला?"

"हो," नफिसा म्हणाली.

"म्हणजे बाहेर गेलेल्या यंत्रांत हाच आहे."

"हो."

"फ्यूज कुणी काढला होता, टिपणीस?"

टिपणीस खुर्चीवर बसले. मला वाटलं होतं ओरडतील, माझ्या अंगावर येतील. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि ते अगदी साध्या आवाजात बोलले. त्या साधेपणाची मला जास्त चीड आली.

"पहिल्या मॉडेलच्या वेळी मला दिसलं होतं. असंच, आठ लावल्यावर. ड्रायव्हर नव्याने लिहायचा तर चार-पाच महिने लागले असते. तुम्ही म्हणाला होतात, एवढा उशीर झाला तर कंपनीला कुलूप लागेल."

"मला हे सांगितलं असतंत तर..."

"तर तुम्ही काय केलं असतंत?"

ओगलेसाहेबांनी नजर पडद्याकडे वळवली.

"रांग लांब केली, तर दिसायचं थांबलं," टिपणीस म्हणाले. "आठ बेड लावले की मात्र पुन्हा दिसायचं. म्हणून फ्यूज काढला. म्हटलं, पुढच्या मॉडेलला सवडीने ड्रायव्हर नीट करू. मग राहून गेलं."

म्हणजे ज्या रांगेला मी सहा महिने मूर्खपणा म्हणून हसत होते ती मूर्खपणा नव्हतीच. ती जखमेवर गुंडाळलेली पट्टी होती, आणि मी ती शाबासकी घेत सोडली होती. त्यांना माझा मत्सर कधीच वाटला नव्हता. ते रोज घाबरून घरी जात होते. हे कळल्यावर त्यांची कीव यायला हवी होती म्हणतात. मला नाही आली.

"आणि शेवटी झालं काय?" त्यांचा आवाज एकदम चढला. "पाच वर्षं! कुणी मेलं का? आली का एक तरी तक्रार? सांग ना, एवढी शहाणी आहेस तर!"

"कळणार कसं?" मी म्हटलं. "मेलेला माणूस पडद्यावर जिवंत दिसला तर तक्रार कोण करणार?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

ओगलेसाहेबांनी तिथूनच फोन लावला आणि सोमवारचा माल थांबवला. मग नफिसाला सांगितलं, यंत्रं जिथे जिथे गेलीत त्या प्रत्येक दवाखान्याला आत्ता फोन करायचा, सहापेक्षा जास्त बेड लावू नका म्हणून सांगायचं. विचारलं तर खरं कारण सांगायचं. त्यांनी केलं ते बरोबरच होतं, पण ते पाच वर्षं उशिरा होतं, आणि आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. त्या पाच वर्षांत कुठल्या काचेबाहेर कोण चुकीचा आकडा वाचत उभं होतं, ते आजपर्यंत मला कळलेलं नाही. कळायचा मार्गच नाही.

पुढे ड्रायव्हर नव्याने लिहिला, मी आणि आणखी दोघांनी. मग माझा पानांचा बदल परत आत गेला, एक अक्षरही न बदलता. पण ते नंतरचं. त्या सकाळी ओगलेसाहेब निघून गेल्यावर खोलीत आम्ही तिघंच उरलो. टिपणीस उठले. दाराशी जाऊन थांबले.

"चल," ते म्हणाले. "आण ते मयत. ठेव माझ्या टेबलावर. सगळ्यांना बोलाव, फोटो काढा."

"नाही सर," मी म्हटलं. "ते मेलेलं नाही. ते आता इथंच लागेल."

नफिसाने कात्री घेतली, हाराचा दोरा कापला आणि खोक्यावर आठ नंबरची चिठ्ठी चिकटवली. त्याच्यावरची धूळ पुसून तिने ते सातव्याच्या शेजारी सरळ लावलं.

हार तिने माझ्या हातात दिला. तो मी कचऱ्यात टाकू शकले असते. त्याऐवजी टिपणीस जेवायला गेल्यावर मी त्यांच्या टेबलाशी गेले, आणि तो हार त्यांच्या नावाच्या पाटीला घातला.